उगेलीची वीज, लागोसची बँक

टोनी एलुमेलू हे नायजेरियातील उद्योजक. 'युनायटेड बँक फॉर आफ्रिका' म्हणजेच यूबीए या बँकेचे आणि 'ट्रान्सकॉर्प' या समूहाचे ते अध्यक्ष आहेत. या दोन्हींच्या मागे असलेली 'एअर्स होल्डिंग्ज' ही गुंतवणूक कंपनी त्यांच्याच कुटुंबाची. बँक, वीजनिर्मिती, तेल आणि वायू, विमा, हॉटेल, रुग्णालय असा हा पसारा आहे. सभासमारंभांत ते बहुधा लाल टाय लावून दिसतात. लाल हा यूबीएचा रंग. आफ्रिकेतील बड्या धनिकांमध्ये त्यांची गणना होते, पण नुसत्या संपत्तीपेक्षा ती जमली कशी हे अधिक पाहण्यासारखे आहे. बुडू घातलेली बँक, सरकारने विकायला काढलेले वीजकेंद्र, परदेशी कंपन्यांना नकोसे झालेले तेलक्षेत्र अशा दुसऱ्यांनी सोडलेल्या किंवा सोडू पाहिलेल्या मालमत्ता त्यांनी घेतल्या. बहुतेक वेळा त्या व्यवहाराच्या आगेमागे सरकारचा एखादा मोठा निर्णय होता.

त्यांचा जन्म २२ मार्च १९६३ चा, मध्य नायजेरियातील जोस या गावचा. जोस हे पठारावरचे, थंड हवेचे गाव; ब्रिटिश काळात कथिलाच्या खाणींमुळे वाढलेले. कुटुंब मूळचे दक्षिणेकडच्या, आज डेल्टा राज्यात मोडणाऱ्या ओनिचा-उकू गावचे. एलुमेलू यांनी एकपोमा येथील विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पदव्युत्तर शिक्षण लागोस विद्यापीठात केले. नायजेरियात पदवीधर तरुणांना एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी लागते. ती त्यांनी १९८५ मध्ये युनियन बँकेत केली. नंतर काही काळ ते फोटोकॉपीची यंत्रे विकत हिंडत होते.

'ऑलस्टेट्स ट्रस्ट बँक' या नव्या बँकेची नोकरभरतीची जाहिरात निघाली तेव्हा त्यांचा पदवीचा वर्ग जाहिरातीतल्या अटीपेक्षा एक पायरी खाली होता. तरीही त्यांनी अर्ज केला आणि सोबतच्या पत्रात आपल्याला का घ्यावे हे सविस्तर लिहिले. ही हकीकत ते स्वतःच तरुण उद्योजकांना वारंवार सांगतात. बँकेने त्यांना बोलावले, घेतले, आणि सत्ताविसाव्या वर्षी ते शाखा व्यवस्थापक झाले.

१९९० च्या दशकातल्या नायजेरियात बँका उघडणे सोपे होते आणि बुडवणे त्याहून सोपे. लष्करी राजवटीत परवाने सढळ हाताने वाटले गेले होते. संचालकांनी आपल्याच कंपन्यांना कर्जे दिली आणि ती बुडाली. जानेवारी १९९८ मध्ये मध्यवर्ती बँकेने एका फटक्यात २६ बँकांचे परवाने रद्द केले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, एलुमेलू यांनी गुंतवणूकदारांचा एक गट जमवून लागोसमधील 'क्रिस्टल बँक' ही डबघाईला आलेली बँक ताब्यात घेतली आणि तिचे नाव 'स्टँडर्ड ट्रस्ट बँक' ठेवले. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते.

ती छोटी बँक छोटीच राहिली असती, पण जुलै २००४ मध्ये मध्यवर्ती बँकेचे नवे गव्हर्नर चार्ल्स सोलुडो यांनी एक फर्मान काढले. बँकेचे किमान भांडवल २०० कोटी नायरांवरून २,५०० कोटी नायरांवर गेले पाहिजे. मुदत डिसेंबर २००५ अखेर. नायरा हे तिथले चलन. जेमतेम दीड वर्षात साडेबारापट भांडवल उभे करणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि गव्हर्नरांना तेच हवे होते. बँकांनी एकमेकींत विलीन व्हावे, नाहीतर दुकान बंद करावे. ८९ बँका होत्या, मुदत संपली तेव्हा २५ उरल्या.

या धावपळीत स्टँडर्ड ट्रस्ट बँक आणि यूबीए यांचे २००५ मध्ये विलीनीकरण झाले. यूबीए हे जुने घराणे. तिचे मूळ १९४९ च्या 'ब्रिटिश अँड फ्रेंच बँके'त. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. देशातल्या तीन सर्वांत मोठ्या बँकांत ती मोडत असे. विलीनीकरणानंतर नाव थोरलीचे राहिले, कारभार मात्र धाकटीच्या माणसाकडे आला. ज्या ऑलस्टेट्स बँकेने एलुमेलू यांना पहिली मोठी संधी दिली होती, ती मात्र याच नियमात बसू शकली नाही. २००६ च्या सुरुवातीला तिचा परवाना गेला.

पुढच्या पाच वर्षांत यूबीएने सीमा ओलांडल्या. आज ती आफ्रिकेतील २० देशांत आहे. त्याशिवाय न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस आणि दुबई येथेही तिची कार्यालये आहेत. या विस्तारामागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. सेनेगलमधल्या व्यापाऱ्याला नायजेरियातून माल आणायचा असेल, तर पैसा बहुधा आधी डॉलर किंवा युरोमध्ये बदलून परदेशी बँकेमार्फत फिरून येतो. शेजारच्या घरी जाण्यासाठी गावाला वळसा घालण्याचाच हा प्रकार, आणि त्या वळशाची दलाली परदेशात राहते. दोन्ही टोकांना एकाच बँकेच्या शाखा असल्या तर ही दलाली बँकेच्या घरात येते. अर्थात वीस देशांतले कायदे, चलने आणि राजकारण सांभाळणेही त्यात आलेच.

२००९ मध्ये नायजेरियन बँकांवर पुन्हा संकट आले. नवे गव्हर्नर लामिडो सनुसी यांनी तपासणी करून अनेक बँकांच्या प्रमुखांना घरी पाठवले. यूबीए त्यातून तरली. पण सनुसी यांनी आणखी एक नियम केला: बँकेच्या मुख्याधिकाऱ्याने दहा वर्षांपेक्षा अधिक काळ खुर्चीवर राहायचे नाही. स्टँडर्ड ट्रस्टची वर्षे धरता एलुमेलू यांची मुदत केव्हाच भरली होती. २०१० मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते पायउतार झाले. अध्यक्ष म्हणून ते २०१४ मध्ये परतले. दोन गव्हर्नरांनी दोन नियम केले. एकाने त्यांना मोठी बँक मिळाली, दुसऱ्याने ती सोडावी लागली. सोडावी लागली नसती तर पुढचा पसारा उभा राहिला असता का, ही शंका रास्त आहे.

बँक सोडली त्याच वर्षी, २०१० मध्ये, एअर्स होल्डिंग्जची स्थापना झाली. नावाचा अर्थ 'वारसदार'. २०११ मध्ये या कंपनीने ट्रान्सकॉर्पवर नियंत्रण मिळवले. ट्रान्सकॉर्पची जन्मकथा वेगळी आहे. राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासान्जो यांच्या काळात, २००४ मध्ये, देशाचा म्हणावा असा एखादा महाकाय खासगी समूह असावा या हौसेतून तिची स्थापना झाली. दक्षिण कोरियातील औद्योगिक घराणी डोळ्यांपुढे होती. प्रत्यक्षात तिच्या हाती लागलेली दमदार मालमत्ता म्हणजे राजधानी अबुजातील हिल्टन हॉटेल. सरकारी टेलिफोन कंपनी चालवण्याचा तिचा प्रयोग फसला होता. शेअर घेतलेले सामान्य लोक हात चोळत बसले होते. एलुमेलू यांनी या मरगळलेल्या कंपनीला वीजधंद्यात उतरवले.

नायजेरियाची वीज हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. लोकसंख्या वीस कोटींच्या वर आणि देशाच्या ग्रिडमधून एरवी मिळणारी वीज चार-पाच हजार मेगावॅट. आपल्या एकट्या चंद्रपूर औष्णिक केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे, यावरून अंदाज यावा. गेलेली वीज परत आली की तिथली पोरे 'अप नेपा!' असे ओरडतात. नेपा हे जुन्या सरकारी वीज मंडळाच्या नावाचे लघुरूप. ते नाव जाऊन वीस वर्षे उलटली, आरोळी टिकून आहे. दुकानाच्या पायरीवर, केशकर्तनालयाच्या दारात, शिंप्याच्या यंत्राशेजारी एक छोटे पेट्रोल जनरेटर फटफटत असते. हातात धरून उचलता येईल एवढे हे यंत्र एक पंखा, दोन दिवे आणि टीव्ही कसेबसे ओढते. लोकांनी त्याचे नाव ठेवले आहे 'आय बेटर पास माय नेबर', म्हणजे 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा'. ज्या देशात तेल आणि नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे आहेत, तिथली ही घरगुती ऊर्जाव्यवस्था.

सरकारने अखेर वीज मंडळाचे तुकडे केले. निर्मितीच्या सहा, वितरणाच्या अकरा आणि पारेषणाची एक अशा अठरा कंपन्या झाल्या. महाराष्ट्रात २००५ मध्ये एमएसईबीचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या, त्याचीच आठवण व्हावी. फरक एवढा की नायजेरियाने निर्मिती आणि वितरण थेट खासगी हातांत दिले. १ नोव्हेंबर २०१३ रोजी ताबे दिले गेले. त्यात ट्रान्सकॉर्पला नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील उगेली येथील वायूवर चालणारे केंद्र मिळाले. किंमत ३० कोटी डॉलर. केंद्र १९६० च्या दशकातले, कागदावर क्षमता ९७२ मेगावॅट, ताबा घेतला त्या दिवशी निर्मिती सुमारे १६० मेगावॅट. म्हणजे सहा भागांपैकी एक भाग जिवंत, बाकी लोखंड.

दुरुस्ती हा त्यातला सोपा भाग ठरला. जनरल इलेक्ट्रिकच्या मदतीने बंद संच एकेक करून चालू केले आणि काही वर्षांत वापरण्याजोगी क्षमता सहाशे मेगावॅटच्या पुढे गेली. त्याच सुमारास अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१३ च्या जूनमध्ये केपटाउन येथे 'पॉवर आफ्रिका' हा कार्यक्रम जाहीर केला होता. एअर्स होल्डिंग्जने त्यात २५० कोटी डॉलर गुंतवण्याची तयारी दाखवली. आफ्रिकी खासगी कंपनीने अमेरिकी सरकारच्या योजनेत एवढा मोठा आकडा बोलणे तेव्हा नवीन होते. २०२० मध्ये ट्रान्सकॉर्पने रिव्हर्स राज्यातील आफाम केंद्रही १०,५०० कोटी नायरांना घेतले. त्याची कागदोपत्री क्षमता ९६६ मेगावॅट.

अडचण होती ती केंद्राच्या कुंपणाबाहेर. वायू नळातून येतो आणि नळ त्रिभुज प्रदेशातून जातात. २०१६ च्या फेब्रुवारीत 'नायजर डेल्टा अव्हेंजर्स' या बंडखोर गटाने फोरकाडोस येथील समुद्राखालची तेलवाहिनी उडवली. तेलाबरोबर निघणारा वायूही त्यामुळे अडकला आणि वायूवर चालणारी केंद्रे उपाशी पडली. मार्चच्या शेवटच्या दिवशी तर देशाच्या ग्रिडवरील निर्मिती काही तास अक्षरशः शून्यावर होती.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती अधिक चिवट. वीज केंद्राकडून पारेषण कंपनीकडे, तिथून वितरण कंपनीकडे आणि मग ग्राहकाकडे जाते. पैसा उलट दिशेने यायला हवा. पण लक्षावधी घरांना मीटरच नाही. त्यांना अंदाजाने बिल येते. त्याला लोक 'क्रेझी बिल' म्हणतात. आठवड्यात चार तास वीज पाहिलेला माणूस असे बिल भरत नाही, आणि त्याला दोष देणेही कठीण. दर बराच काळ सरकारने खर्चापेक्षा कमी ठेवलेले. फरक सरकार भरणार असे ठरलेले, पण तो वेळेवर भरला गेला नाही. मधल्या मध्ये वीज विकत घेणारी सरकारी कंपनी निर्मिती केंद्रांना पूर्ण पैसे देऊ शकत नाही. केंद्र वायू कंपनीचे पैसे थकवते. वायू कंपनी पुरवठा कमी करते. वीज घटते, वितरणाची वसुली आणखी घटते, आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून.

त्यात चलनाची भर. वायूचा दर डॉलरमध्ये, यंत्रांचे सुटे भाग डॉलरमध्ये, खरेदीसाठी काढलेले कर्जही परकी चलनाशी बांधलेले. उत्पन्न मात्र नायरात. उगेलीचा सौदा झाला तेव्हा डॉलरला सुमारे १६० नायरा पडत. २०२३ च्या जूनमध्ये सरकारने विनिमय दरावरची पकड सोडली आणि २०२४ मध्ये डॉलर दीड हजार नायरांच्या आसपास गेला. एप्रिल २०२४ मध्ये दिवसाला किमान वीस तास वीज मिळणाऱ्या वर्गातील ग्राहकांचा दर युनिटमागे ६८ वरून २२५ नायरांवर नेण्यात आला, तो याच दबावाखाली. गरीब वस्त्या बहुधा त्या वर्गात येत नाहीत. त्यांचा दर कमी आणि वीजही कमी.

बँक हाताशी, वीजकेंद्र हाताशी, तर वायूही स्वतःचाच असावा हा पुढचा विचार. जानेवारी २०२१ मध्ये एअर्स होल्डिंग्ज आणि ट्रान्सकॉर्पशी संबंधित कंपनीने पोर्ट हार्कोर्टजवळील 'ओएमएल १७' या तेलक्षेत्रातील ४५ टक्के हिस्सा घेतला. शेल, टोटल आणि एनी या तीन युरोपीय कंपन्यांचा हा हिस्सा होता. उरलेले ५५ टक्के सरकारी तेल कंपनीकडे राहिले. व्यवहारासाठी ११० कोटी डॉलरचे अर्थसाह्य उभारले गेले. त्यात आफ्रिकेबाहेरच्यांबरोबर आफ्रिएक्झिम बँक, दक्षिण आफ्रिकेची ॲब्सा आणि लागोसची आफ्रिका फायनान्स कॉर्पोरेशन होत्या. तंत्रसाह्य श्लंबर्जरचे. ताब्याच्या वेळी उत्पादन तेल-वायू मिळून दिवसाला २७ हजार पिंपांच्या आसपास होते.

युरोपीय कंपन्या का निघाल्या, हे पोर्ट हार्कोर्टच्या रहिवाशाला विचारावे लागत नाही. सकाळी उठल्यावर फरशीवर पाय ठेवला की तळवा काळा होतो. ही काजळी खारफुटीत लपवलेल्या बेकायदा तेलभट्ट्यांची. वाहिनीला छिद्र पाडून तोटी बसवायची, चोरलेले कच्चे तेल लोखंडी पिंपात उकळवायचे, निघेल ते डिझेल विकायचे आणि उरलेला गाळ खाडीत सोडायचा. तिथल्या बोलीत या धंद्याला 'पोफायर' म्हणतात. यात बेकार पोरे असतात, आणि मोठ्या चोरीत बोटी, दलाल व गणवेशातले लोकही असतात, असे आरोप वर्षानुवर्षे होत आले आहेत. शिवाय गळतीबद्दल लंडन आणि हेगच्या न्यायालयांतले खटले परदेशी कंपन्यांना डोईजड झाले. शेलने तर २०२५ मध्ये नायजेरियातील जमिनीवरचा सगळाच तेलव्यवसाय विकून टाकला आणि समुद्रातल्या खोल पाण्यातले उद्योग मात्र ठेवले.

नव्या मालकालाही चोरांनी सवलत दिली नाही. मार्च २०२२ मध्ये एलुमेलू यांनी समाजमाध्यमावर जाहीरपणे लिहिले की तेल उत्पादनाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग चोरांच्या घशात जातो. बॉनी बंदरात रोज दोन लाख पिंपे यायला हवीत, तिथे तीन हजारही येत नाहीत. कर्जाचे हप्ते डोक्यावर, भूगर्भातून तेल निघते आहे, आणि बंदरात पोहोचते तेव्हा त्याचा ओघ आटलेला. सरकारशी संबंध राखून असणाऱ्या उद्योगपतीने इतके उघड बोलणे नायजेरियात नेहमीचे नव्हे. त्या वर्षी सरकारने तेलवाहिन्यांच्या राखणीचे कंत्राट टोम्पोलो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माजी बंडखोर म्होरक्याशी संबंधित कंपनीला दिले. चोराच्या वाटा ठाऊक असणाऱ्यालाच पहारेकरी नेमावे, असा हा हिशेब. टीका बरीच झाली. पुढच्या काळात चोरी कमी झाली हेही खरे.

या सगळ्या उद्योगाला एलुमेलू यांनी एक तात्त्विक नाव दिले आहे: 'आफ्रिकॅपिटॅलिझम'. खासगी भांडवलाने मूलभूत क्षेत्रांत दीर्घ मुदतीची गुंतवणूक करावी, म्हणजे नफा आणि समाजाची भरभराट दोन्ही साधते, असा त्याचा गाभा. परदेशी मदतीवर आफ्रिका उभी राहणार नाही, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदतीला कात्री लावली आणि 'पॉवर आफ्रिका'ही गुंडाळले, तेव्हा त्यांच्या या म्हणण्याला अनपेक्षित पुष्टी मिळाली.

आक्षेप घेणारेही आहेत. वीज, वायू आणि तेल हे धंदे परवान्यांचे. ते मिळवायला आणि टिकवायला सरकारदरबारी वजन लागते, आणि ते वजन लहान उद्योजकापाशी नसते. मूठभर घराण्यांच्या हाती बँक आणि ऊर्जा एकवटली तर सरकारी मक्तेदारीच्या जागी खासगी येते, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परदेशी कंपन्यांनी मागे ठेवलेले प्रदूषण कोणी निस्तरायचे, हा प्रश्न तर त्रिभुज प्रदेशातल्या प्रत्येक हस्तांतरणात येतो. खनिज इंधनावरच्या टीकेला एलुमेलू यांचे उत्तर असे की ज्या घरात दिवाच नाही त्याला कोणता दिवा लावू नको हे सांगण्यात अर्थ नाही. वायू हे मधल्या काळाचे इंधन आहे.

लहान उद्योजकांसाठी त्यांचे प्रतिष्ठान आहे. २०१० मध्ये स्थापन झालेल्या टोनी एलुमेलू फाउंडेशनने २०१५ पासून दहा वर्षांत दहा हजार आफ्रिकी नवउद्योजकांना साह्य देण्यासाठी दहा कोटी डॉलर बाजूला काढले. निवड झालेल्या प्रत्येकाला प्रशिक्षण, मार्गदर्शक आणि पाच हजार डॉलरचे बीजभांडवल मिळते. ते परत करायचे नसते. अर्ज आफ्रिकेतील सर्व ५४ देशांतून येतात आणि निवड झालेल्यांची संख्या दहा हजारांच्या बरीच पुढे गेली आहे.

मार्च २०२४ मध्ये ट्रान्सकॉर्पची वीज कंपनी नायजेरियन शेअर बाजारात स्वतंत्रपणे नोंदली गेली. ७५० कोटी शेअर, प्रत्येकी २४० नायरा. त्याआधी २०२३ च्या वसंतात अब्जाधीश फेमी ओटेडोला यांनी ट्रान्सकॉर्पचे शेअर गोळा करून ताब्याची तयारी चालवली होती. एलुमेलू यांच्या बाजूने ओटेडोला यांचा हिस्सा विकत घेतला गेला आणि ते महिन्याभरात बाहेर पडले. ज्या कंपनीचे शेअर दहा वर्षांपूर्वी रद्दीच्या भावात होते तिच्यासाठी दोन धनिकांत चुरस लागावी, यात उगेलीचा वाटा मोठा आहे. निर्मिती कंपन्यांची सरकारकडची थकबाकी मात्र वाढतच गेली. २०२५ मध्ये ती भागवण्यासाठी केंद्र सरकारने चार लाख कोटी नायरांचे रोखे काढायला मंजुरी दिली.